गाडीत पेट्रोलचा वास येतोय? गळती शोधण्यापासून थांबवण्यापर्यंत

"गाडीत पेट्रोलचा वास येतो" एवढंच सांगून गाडी गॅरेजला लावली की बहुधा दोनपैकी एक होतं. मेकॅनिक बॉनेट उघडतो, हुंगतो आणि म्हणतो, "मला तर काहीच येत नाही, साहेब." नाहीतर आधी फिल्टर, मग पाइप, मग पंप असं एकेक बदलत जातो आणि वास होता तिथेच राहतो. माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकच्या वाट्याला दोन्ही आलं. शेवटी वास नेमका कधी येतो हे मला सांगता आलं, आणि दुसऱ्या एका मेकॅनिकने इंजिनाकडे न जाता सरळ मागची सीट उचलली.

खाली लिहिलंय ते ज्यांनी आजवर बॉनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलं त्यांच्यासाठी. शोधाचं काम बहुतेक तुम्ही स्वतः करू शकता. दुरुस्तीतलं काही स्वतः करता येतं, काही अजिबात करू नये. कोणतं कुठे, ते त्या त्या ठिकाणी सांगितलंय.

## १. आधी ठरवा: चावी लावायची की नाही

गाडीखाली थेंब पडत असतील, बॉनेटखाली कुठेही पेट्रोलची ओल दिसत असेल किंवा काचा उघडूनही डोळे चुरचुरण्याइतका वास असेल, तर गाडी सुरू करायची नाही. "गॅरेज इथेच तर आहे, नाक्यावर" हा विचार सोडून द्या.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरकते, खड्ड्यात, गटारात, तळघरातल्या पार्किंगच्या कोपऱ्यात साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. आणि पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही निघते, त्यामुळे "आज गारवा आहे" याला काही अर्थ नाही.

मग करायचं काय? चार माणसं बोलवा आणि गाडी ढकलून मोकळ्या हवेत काढा. वॉचमनला सांगा, बिडी-सिगारेट लांब ठेवा. वास घालवायला घरातला टेबलफॅन आणून लावू नका, त्याच्या मोटरमध्ये किंवा स्विचमध्ये ठिणगी पडू शकते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची ती बॉनेट उघडून वाफ पुरती निघून गेल्यावर. वाफ कोंडलेली असताना टर्मिनल सोडवलं तर तिथेच ठिणगी उडू शकते. त्यानंतर गाडी टो करून न्या, शक्यतो फ्लॅटबेडवर. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर तो अशाच वेळी वापरायचा असतो.

एक आपल्याकडचा प्रकार. दसऱ्याला गाडीपुढे निरांजन, उदबत्ती, कधी कापूर. गाडीला वास असेल तर त्या वर्षी हळद-कुंकू, फुलं आणि नारळ एवढ्यावर भागवा.

धूर किंवा ज्वाळा दिसलीच तर सगळे खाली उतरा आणि लांब जा. बॉनेट पूर्ण उघडू नका, आत हवा शिरली की भडका वाढतो. १०१ किंवा ११२ लावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचं नाही.

## २. वास कधी येतो ते लिहून काढा

हे शोधाचं खरं काम. वरच्या धोक्यात न मोडणारा, अधूनमधून येणारा वास असेल तर काही दिवस मोबाइलमध्ये नोंद ठेवा: वेळ, टाकी किती भरलेली, इंजिन गार की गरम, एसी चालू की बंद, गाडी सपाटीवर की उतारावर. नाकाला वासाची सवय फार लवकर होते. दहा मिनिटं गाडीत बसलात की तुम्हाला येईनासा होतो, म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला विचारत चला.

टाकी फुल केली की येतो, अर्ध्यावर आली की जातो. गळती टाकीच्या वरच्या भागात आहे: झाकणाचं सील, पेट्रोल भरायची रबरी नळी, तिच्या शेजारची हवेची बारीक नळी किंवा टाकीच्या माथ्यावरचं पंपाचं सील. पेट्रोलची पातळी तिथवर पोचते तेव्हाच वास येतो.

वळणावर, घाटात, किंवा उतारावर गाडी लावल्यावर येतो. हाही टाकीच्या वरच्या भागाचाच इशारा. सोसायटीच्या रॅम्पवर गाडी लावणाऱ्यांनी ती एक-दोन रात्री सपाटीवर लावून फरक बघावा.

सकाळी पहिल्यांदा सुरू करताना येतो, मग नाहीसा होतो. रबर गार असताना आक्रसतं आणि कडक झालेलं असेल तर सांध्यावर नीट बसत नाही. इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोटीच्या) ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, आणि होजची (रबरी नळीची) टोकं आधी तपासा.

इंजिन चालू आहे तोवर येतो. दाबाखालची लाइन. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या, पेट्रोल साधारण ३ बार दाबाने वाहतं, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त दाबाने. त्यामुळे सुईएवढ्या भोकातूनही फवारा उडतो.

गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी येतो. गरम इंजिनाजवळ थेंब पडतोय, किंवा कॅनिस्टर (टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा) भरलाय. जुन्या कार्बोरेटर गाडीत मे महिन्यात घाट चढून आल्यावर थोडा वास येणं नेहमीचंच, कारण कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उष्णतेने उकळून वाफ सोडतं. पण तो पाव तासाच्या आत ओसरला पाहिजे.

सिग्नलला थांबल्यावर, मागून वारा असताना येतो. सायलेन्सरमधून येत असणार. त्याबद्दल आठव्या पायरीत.

आणखी एक सोपी चाचणी. एसीचा ब्लोअर बाहेरची हवा समोरच्या काचेच्या पायथ्यापासून घेतो, म्हणजे बॉनेटच्या अगदी मागून. वास येत असताना हवेचं बटण आतल्या हवेवर फिरवा. वास कमी झाला तर शोध बॉनेटखाली, तसाच राहिला किंवा वाढला तर मागच्या सीटखाली आणि डिकीकडे. गाडीत परफ्यूमची बाटली टांगलेली असेल तर आधी ती काढा. वास दबतो, गळती नाही.

## ३. हे पेट्रोलच आहे ना?

हसू नका, पण डिकीत विसरलेला थिनरचा डबा किंवा गळकी बाटली ही कारणंही सापडतात. गाडीखालची ओल बोटाने नको, पांढऱ्या कागदाने टिपा. एसीचं पाणी नितळ आणि बिनवासाचं. कूलंट हिरवट किंवा गुलाबी, चिकट, गोडसर वासाचा. ऑइलचा डाग पसरतो आणि राहतो. पेट्रोल कागदावरून बघता बघता उडून जातं आणि वास मागे ठेवतं.

सीएनजी किट असेल तर गोष्ट वेगळी. त्या गॅसला मुद्दाम मिसळलेला कुबट, सडक्यासारखा वास असतो. तसा वास आला तर सिलेंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, काचा-दारं उघडा आणि गाडी अधिकृत किट-फिटरकडे सोपवा. तिथे सुमारे २०० बार दाब असतो, त्यात घरच्या घरी हात घालू नये. मात्र सीएनजी गाडीत पेट्रोलचाच वास येत असेल तर खालच्या पायऱ्या लागू आहेत. महिनोन्महिने फक्त गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलच्या होज कोरड्या पडून तडकतात, आणि एक दिवस गाडी पेट्रोलवर टाकली की गळू लागतात.

## ४. सामान आणि कागद

सामान फार लागत नाही:

- एलईडी टॉर्च. जुना वायरचा बल्ब-लॅम्प नको. तो खाली पडून फुटला की तापलेल्या तारेवरच पेट्रोल पेटतं.
- नायट्रिल हातमोजे आणि साधा चष्मा. गाडीखाली असताना थेंब डोळ्यातच पडतो.
- पांढरे टिश्यू, जुनं सुती कापड, छोटा आरसा.
- पत्र्याचा पसरट ट्रे.
- १ किंवा २ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक, आयएसआय खुणेचं, काटा हिरव्या पट्ट्यात असलेलं. हाताशी ठेवायचं, डिकीत नाही.
- गाडी उचलायची असेल तर जॅकखेरीज दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

कागदांत आरसी, कारण त्यावर चेसिस नंबर असतो, आणि आधीच्या कामांची बिलं. चेसिस नंबर कशाला? कंपनीच्या वेबसाइटवर तो टाकून गाडी रिकॉलमध्ये आहे का ते बघता येतं, आणि असेल तर काम फुकट होतं. हे फक्त कागदावरचं नाही. एप्रिल २०१४ मध्ये मारुती सुझुकीने डिझायर, स्विफ्ट आणि अर्टिगा मिळून १,०३,३११ गाड्या पेट्रोल भरायच्या नळीचा भाग बदलायला परत बोलावल्या होत्या. ऑटो कटऑफच्या पुढे पेट्रोल भरलं तर वास येण्याची आणि क्वचित गळतीची शक्यता होती. ऑगस्ट २०१९ मध्ये वॅगनआरच्या १ लिटर इंजिनाच्या ४०,६१८ गाड्यांचं कारण आणखी बोलकं होतं: इंधनाची होज धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने रिकॉलचं काम करून घेतलंच असेल असं धरून चालू नका.

## ५. मागून सुरुवात करा

बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात. मी मागून सुरुवात करायला सांगेन, कारण तिथे तपासायला सोपं आहे आणि तिथली गळती फार दिवस लपून राहते.

झाकण काढा आणि त्याची रबरी रिंग बघा. चिरा, चपटेपणा, कडकपणा असेल तर कंपनीचं झाकण आणा. मिळतंजुळतं लोकल झाकण घट्ट बसलं तरी त्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह नसला तर टाकीत निर्वात होतो आणि गाडी बंद पडू लागते.

मग नळी. मागच्या चाकाच्या कमानीत आतून हात घातला की भरायची रबरी नळी आणि तिच्या शेजारची हवेची नळी लागते. चिरा नेहमी वाकण्याच्या जागी पडतात, आणि चिखलाने झाकलेल्या असतात. पुसून, नळी थोडी पिळून, टॉर्च मारून बघा.

आता मागची सीट. पुष्कळ गाड्यांत ती उचलली की गालिच्याखाली एक गोल किंवा चौकोनी पत्र्याचं झाकण असतं, त्याखाली टाकीतला पंप आणि काट्याचा सेन्सर. झाकण काढल्या काढल्या वास भपकन आला, भोवतीची धूळ ओली किंवा धुतल्यासारखी दिसली, तर सापडलं. पण इथे थांबा. पंपाची रिंग सोडवण्याआधी नवं सील आणून ठेवा. जुनं सील पेट्रोल पिऊन फुगलेलं असतं. एकदा बाहेर काढलं की पुन्हा त्या खाचेत बसत नाही, आणि तुम्ही उघड्या टाकीसमोर दुकान शोधत बसता. हे काम टाकी अर्ध्याच्या खाली असताना, सगळी दारं उघडून, मोकळ्या जागी करायचं. मला विचाराल तर मेकॅनिककडूनच करून घ्या.

पंपावर "राउंड फिगर करू का?" असं विचारतात तेव्हा नाही म्हणायची सवय लावा. नोझल आपोआप थांबल्यावर घातलेलं पेट्रोल नव्या गाड्यांत कोळशाच्या कॅनिस्टरपर्यंत जातं. तो वाफ शोषायला बनवलाय, पेट्रोल पिऊन नासतो.

## ६. गाडीखालची लाइन

टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल लोखंडी नळीतून, मेकॅनिकच्या भाषेत बंडी पाइपमधून येतं. मधे रबरी जोड, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत बाहेर बसवलेला फिल्टर.

गंज सगळीकडे सारखा येत नाही. नळीला धरून ठेवणाऱ्या क्लिपांपाशी चिखल अडकून राहतो, तिथेच नळी कुजते. अलिबाग, रत्नागिरी, गोव्याकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. क्लिप थोडी सरकवून तिच्या मागे बघा. पेट्रोल उडून गेलेलं असलं तरी खूण सोडतं: धुळीत धुतलेला ओघळ किंवा पिवळसर-तपकिरी वार्निशसारखा डाग. स्पीडब्रेकरला गाडी घासलेली आठवत असेल तर तीच जागा आधी.

## ७. बॉनेटखाली

हे इंजिन गार असताना करा. संशयाची जागा कापडाने पुसून कोरडी करा, कारण जुन्या ओलीवरून नवी गळती ओळखता येत नाही. एमपीएफआय गाडीत इंजिन सुरू न करता दाब आणता येतो: एकाने चावी 'ऑन'वर न्यायची (स्टार्ट नाही), पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो, पुन्हा बंद. असं तीन-चारदा केलं की लाइन दाबाखाली येते. दुसऱ्याने टॉर्च घेऊन बघायचं आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू टेकवायचा. पट्टा फिरत नाही, मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप) तापलेला नाही, निवांत शोधता येतं. ओल दिसली की चावी काढून घ्या.

बघण्याच्या जागा: फिल्टरचे दोन्ही जोड, रेलला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) येणारी होज, प्रत्येक इंजेक्टरचं वरचं तोंड. रेलवर गोल डबीसारखा प्रेशर रेग्युलेटर असेल आणि त्याला व्हॅक्यूमची बारीक नळी असेल तर ती काढून हुंगा. आत पेट्रोल असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. ही गळती बाहेर दिसत नाही, कारण पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जातं. काळा धूर आणि घटलेलं मायलेज मात्र दिसतं.

पावसाळ्यात उंदीर. गरम बॉनेटखाली संसार थाटतात आणि वायरीइतक्याच आवडीने होज कुरतडतात. दातांच्या जोड खुणा, चिंध्या, लेंड्या दिसल्या तर एक होज बदलून थांबू नका, सगळी लाइन बघा.

कार्बोरेटरची गाडी असेल तर दाब अगदी कमी, पण तऱ्हा वेगळ्या. कार्बोरेटर बाहेरून ओला असेल तर वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल कचऱ्याने अडकून पेट्रोल उतू जातंय. "ओव्हरफ्लो होतोय" म्हणतात ते हेच. वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केलं की कधी कधी नीडल सुटते, पण तो उपाय तेवढ्यापुरता. कचरा आला कुठून याचा शोध फिल्टर आणि टाकीत घ्यायला हवा. इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप असेल तर त्याचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक काढा. ऑइल खुणेच्या वर चढलेलं आणि पेट्रोलचा उग्र वास असेल तर इंजिन चालवू नका. पंप बदलून ऑइलही बदलावं लागतं, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

## ८. ओल कुठेच नाही, तरी वास

तीन शक्यता उरतात. पहिली, कॅनिस्टर आणि त्याच्या नळ्या. काही गाड्यांत तो बॉनेटखाली, काहींत टाकीजवळ. नळी निसटलेली किंवा तडकलेली असते, पर्ज व्हॉल्व्ह (साठलेली वाफ इंजिनात सोडणारा) अडकलेला असतो किंवा कोळसा भिजलेला असतो. इथून फक्त वाफ येते, म्हणून टिश्यू कोरडा राहतो.

दुसरी, इंजिन जादा पेट्रोल खातंय आणि न जळलेलं सायलेन्सरमधून येतंय. प्लगवर काजळी, मायलेज कमी, स्कॅनरवर पी०१७२ सारखा कोड. ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर, बंद पडलेली कॉइल अशी कारणं असतात. हे लांबणीवर टाकलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तोच जाळतं, आणि मग बिल वेगळ्याच आकड्यात येतं.

तिसरी अगदी साधी. मागे कधीतरी सांडलेलं पेट्रोल गालिच्यात किंवा इंजिनाच्या आवरणात मुरलेलं असतं. गालिचा काढून उन्हात टाका आणि दोन दिवस बघा.

## ९. दुरुस्ती: होज बदलताना

नवख्याने हात घालावा अशी जागा म्हणजे बॉनेटखालची सहज पोचता येणारी रबरी होज. दुकानात "पेट्रोल पाइप द्या" म्हटलं की काउंटरवरचा माणूस फुटावर कापून काहीतरी देतो. बऱ्याचदा ती कार्बोरेटरच्या कमी दाबाची असते, किंवा स्कूटरला लावतात ती पारदर्शक नळी, जी काही महिन्यांत पिवळी आणि कडक होते. एमपीएफआयसाठी होजवर एसएई जे३० आर९ छापलेलं बघून घ्या. आर६ किंवा आर७ कार्बोरेटरसाठी. दुकान नाना पेठेतलं असो की कुर्ल्यातलं, छापलेलं नसेल तर घेऊ नका. गाडीच्या मूळ होजला साच्यातला बाक असेल तर तीच मूळ होज मागवा, सरळ होज वाकवली की दुमडते. आणि टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणारा तुकडा वेगळ्या जातीचा असतो. बाहेरची होज आत लावली तर बाहेरूनच विरघळू लागते.

आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग त्याला चालतील असे आहेत. जुन्या गाड्यांबाबत पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं की काहींमध्ये २०,००० ते ३०,००० किलोमीटर वापरानंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. जुनी गाडी असेल तर एकच फाटलेली होज बदलून उरलेल्या तशाच ठेवण्यात शहाणपण नाही. होज स्वस्त असते, पुन्हा पुन्हा खोलण्याची मजुरी नाही.

क्रम असा:

१) इंजिन पूर्ण गार. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा आणि इंजिन सुरू करा. लाइनमधलं पेट्रोल संपून ते बंद पडेल. मग एकदा सेल्फ मारा. बॉनेटखाली पेट्रोलची ओल दिसत असेल तर हा प्रकार करू नका, सरळ मेकॅनिक बोलवा.

२) बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

३) खाली ट्रे, सांध्याभोवती कापड. दाब सोडला तरी थोडं पेट्रोल येतंच.

४) होज अडकली असेल तर पक्कडने पिळून ओढू नका, खालचा प्लास्टिकचा निपल (होज ज्यावर चढते ते नळीचं तोंड) तुटतो. ब्लेडने होजला लांबीत चीर द्या, सोलून निघते.

५) नवी होज निपलवर अडीच सेंटिमीटरभर चढवा. क्लॅम्प निपलच्या उंचवट्याच्या मागे, होजच्या अगदी टोकाला नाही. धारदार खाचांची पट्टी रबर कापते. कडा गुळगुळीत असलेला फ्युएल इंजेक्शनचा क्लॅम्प घ्या. रबर पट्टीच्या दोन्ही बाजूंनी फुगायला लागलं की आवळणं थांबवा.

६) होज मॅनिफोल्डला किंवा पत्र्याच्या धारेला टेकत नाही ना, बघा.

दाबून निघणारे प्लास्टिकचे जोड 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा आणि ओढून खात्री करा. बोल्टने आवळलेल्या जोडात तांब्याचे वॉशर असतील तर ते प्रत्येक वेळी नवे. इंजेक्टरच्या ओ-रिंगही एकदा काढल्या की नव्याच, बसवताना इंजिन ऑइलचं बोट लावून.

आणि हे करायचं नाही:

- सांध्यावर सिलिकॉन सीलंट. पेट्रोलमध्ये मऊ पडून निघतं आणि त्याचे तुकडे लाइनमध्ये जातात.
- दाबाच्या लाइनवर एम-सील किंवा टेप. टाकीच्या बारीक भोकावर साबणाची वडी घासण्याची युक्ती जुनी आणि खरी आहे, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण ती टो-व्हॅन येईपर्यंतच.
- रिकाम्या टाकीला वेल्डिंग. "पेट्रोल काढलंय, आता काय होतंय?" हे वाक्य ऐकलंत तर टाकी उचलून घरी या. रिकामी टाकी वाफेने भरलेली असते. ती आतून नीट धुऊन वाफ काढणाऱ्या माणसाकडेच द्यायची, नाहीतर बदलायची.
- कुजलेल्या बंडी पाइपच्या मधे रबराचा लांब तुकडा. नळी पूर्ण बदला.
- तोंडाने नळी ओढून टाकी रिकामी करणं. पेट्रोलचा घोट फुप्फुसात गेला तर गंभीर इजा होते. गिळलं गेलं तर उलटी करवू नका, दवाखान्यात न्या.

काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. वाफ कुठल्या जाळीतून कोणाच्या दारात निघेल सांगता येत नाही. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून गॅरेजला द्या.

## १०. गॅरेजमध्ये कसं बोलायचं

दुसऱ्या पायरीतली नोंद दाखवा. "वास येतो" याऐवजी "टाकी फुल असताना, रॅम्पवर लावली की, मागच्या सीटकडे येतो" असं सांगितलं की मेकॅनिक कामाला लागतो. ओलीचा फोटो किंवा व्हिडिओ असेल तर उत्तम, कारण गाडी गॅरेजला पोचेपर्यंत पेट्रोल उडून गेलेलं असतं. जॉब कार्डावर तक्रार तुमच्याच शब्दांत लिहायला लावा.

काढलेला भाग परत मागा. होजची चीर डोळ्यांनी बघितली की गळती तिथलीच होती का, हे कळतं. आणि पंप बदलायचा म्हणाले तर आधी विचारा, "प्रेशर गेज लावून बघितलं का?" गेज लावून पंप बंद केल्यावर काटा झपाट्याने खाली येत असेल तर दाब कुठेतरी निसटतोय: इंजेक्टर, रेग्युलेटर किंवा पंपातला व्हॉल्व्ह. ही तपासणी फार वेळखाऊ नाही. ती न करता महागडा पंप सुचवणाऱ्याला दुसऱ्या मेकॅनिकचं मत घेऊन येतो म्हणा.

## ११. काम झाल्यावर

बॅटरी जोडा, चावी तीन-चारदा 'ऑन' करून लाइन भरा आणि प्रत्येक उघडलेल्या सांध्याखाली टिश्यू फिरवा. कोरडा असेल तरच इंजिन सुरू. पाच मिनिटं चालू ठेवून पुन्हा बघा, मग गल्लीत एक फेरी, मग बंद करून पाव तासाने बॉनेट उघडून हुंगा. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर पेट्रोल दिसणार नाही, ते उडून जाईल, पण ऑइल किंवा कूलंटचा डाग पडला असेल तर दुसरं काहीतरी सैल राहिलंय हे कळेल.

गळती टाकीच्या वरच्या भागातली होती तर खरी परीक्षा पुढच्या फुल टाकीला. ऑटो कटऑफला थांबून भरा, त्याच दिवशी गाडी नेहमीच्या उतारावर लावा आणि मागची सीट उचलून बघा. होजचे क्लॅम्प पहिल्या आठवड्यानंतर एकदा हाताने चाचपा. नवं रबर थोडं दबतं, अर्धा फेरा आवळावं लागतं.